साठ मीटरांचें अंतर व जुने खाण-नकाशे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या मैंदर्गी येथील घरीं पोथ्यांस वारा-ऊन देण्याचें वार्षिक काम चाललें असतां एका त्रुटित व्याकरण-पोथीचें बासन आम्हीं सोडलें. हें बासन सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्हींच घातलेलें होतें. चांद्याकडे नोकरी करून परतलेल्या एका वृद्ध आप्तांच्या मागें त्यांचें सामान आवरतांना जुन्या नकाशाच्या कापडाची एक वळकटी हातीं आली होती. पूर्वीं नकाशे उतरून घेण्याकरितां खळ दिलेलें तलम, पारदर्शक कापड वापरीत; तें ऊन पाण्यांत भिजवून खळ काढली म्हणजे आंतून मऊ सुती वस्त्र निघे, आणि त्याचे रुमाल करीत. आम्हींहि तेंच केलें. कापड धुतलें, डागाळलेल्या कडा कात्रीनें छाटल्या आणि पोथी बांधून ठेविली.

यंदा तेंच बासन उजेडांत पसरलें तेव्हां त्यावर फिकट रेषांची जाळी दिसली. चौकोनामागून चौकोन, त्यांच्या मधून जाणाऱ्या समांतर गल्ल्या, कोठें कोठें पुसट इंग्रजी आंकडे. प्रथम एखाद्या पेठेची आंखणी असावी असें वाटलें. परंतु चौकोनांत घरें नाहींत, देऊळ नाहीं, विहीर नाहीं, आणि एका बाजूस सर्व गल्ल्या एकाएकीं थांबलेल्या. पुढें या विषयावरील ग्रंथ चाळतां उलगडा झाला कीं, ही कोळशाच्या भूमिगत खाणीची मांडणी आहे. ती खाण कोणती, नकाशा कोणत्या सालचा, उत्तर दिशा कोणती, हें सांगणारा मजकूर मात्र आमच्या कात्रीनें छाटलेल्या कडांबरोबर गेला.

पोथी आम्हीं जपली. तिच्यांतील ग्रंथ छापून प्रसिद्ध झालेला आहे व ती नसती तरी व्याकरणशास्त्राचें कांहीं अडलें नसतें. नकाशाची गोष्ट तशी नाहीं. तो कां तशी नाहीं, हें समजण्यास खाणींत अंतरें कशीं ठरवितात व तीं कशीं राखतात हें पाहिलें पाहिजे. जुने कागद संग्रहीं ठेवणाऱ्या वाचकांस हा विषय परका वाटेल. परंतु त्याचा अर्धा भाग आपल्याच शास्त्राचा आहे असें दिसून येईल.

(१) खाणींचा प्रदेश

सोलापूर जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा; येथें विहीर खणतांना कोळसा लागावयाचा नाहीं. महाराष्ट्रांतील कोळसा आहे तो विदर्भांत, वर्धा नदीच्या खोऱ्यांत म्हणजे चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत, आणि नागपूरजवळ कामठीच्या क्षेत्रांत. हे थर गोंडवन खडकांतील होत. वर्धा खोऱ्यांतील कोळशाचें वर्णन करणारा ह्यूजेस यांचा विस्तृत निबंध भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेंत इ. स. १८७७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास वरोरा येथें सरकारी खाण चालू झाली होती. ती १९०६ पर्यंत चालली. पुढें बल्लारपूरच्या खाणी पुढें आल्या. म्हणजे या प्रदेशांत जमिनीखालीं मनुष्यानें पोखरलेल्या जागा दीडशें वर्षांच्या आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळ बंद पडून पाण्यानें भरलेल्या आहेत. वर शेतें आहेत, रस्ते आहेत, वस्ती आहे. खालीं काय आहे, तें पाहण्याचें साधन एकच: त्या वेळीं काढलेला नकाशा.

(२) खांबांचें अंतर

भूमिगत खाणींत कोळशाचा थर सरसकट काढीत नाहींत. थरांत एकमेकींस छेदणाऱ्या गल्ल्या पाडतात व मधले चौकोन छप्पर तोलण्याकरितां खांब म्हणून ठेवितात. खांब किती जाड ठेवावा हें खोली व गल्लीची रुंदी यांवर अवलंबून असतें. कोळसा-खाणींच्या १९५७ च्या नियमांत याचें कोष्टकच दिलेलें आहे. गल्ली ४.८ मीटरांहून रुंद व ३ मीटरांहून उंच नसावी. आणि गल्ली ४.८ मीटर रुंद असेल तर ६० मीटर खोलीपर्यंत एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १९.५ मीटर अंतर असावें. खोली ३६० मीटरांपलीकडे गेली म्हणजे हेंच अंतर ४८ मीटर होतें.

यांतील हिशेब अवघड नाहीं. खडकाचें वजन घन मीटरास सुमारें अडीच टन धरलें, तर ६० मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरावर १५० टन भार असतो. १९.५ मीटरांतून गल्लीचे ४.८ वजा केले म्हणजे खांबाची बाजू १४.७ मीटर राहते, आणि एकंदर क्षेत्रापैकीं शेंकडा ५७ भाग खांबांत उरतो. सर्व भार तेवढ्याच भागावर येत असल्यामुळें खांबावरील भार चौरस मीटरास सुमारें २६४ टन होतो. जो कोळसा खांबांत उभा आहे तो मालकाच्या दृष्टीनें अडकलेलें धन. म्हणून खांब कोरण्याचा मोह सर्व देशांत व सर्व काळीं दिसतो.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कोष्टकांतील अंतर मध्यापासून मध्यापर्यंतचें आहे, कडेपासून कडेपर्यंतचें नव्हे. १९.५ हा आंकडा एकानें खांबाची बाजू म्हणून वाचला व दुसऱ्यानें मध्यांतर म्हणून वाचला, तर दोघांच्या खाणी वेगळ्या होतील. मोडी कागदांतील जमिनीचीं मापें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस ही अडचण नवी नाहीं. पांच हात व पांच मुठी मिळून एक काठी, इतकें सांगून भागत नाहीं. हात कोणाचा, हा प्रश्न उरतोच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतहि साधारण हात २४ अंगुळांचा, सुतारांचा ४२ अंगुळांचा व वनांतील मालाकरितां ५४ अंगुळांचा असे भेद सांगितले आहेत. अंतर सांगणाऱ्यानें तें कशानें व कोठून मोजलें हें सांगितलें नाहीं, तर आंकडा बरोबर असूनहि अर्थ चुकतो.

अंतरांचे आणखी प्रकार आहेत. ते थोडक्यांत सांगतों. दोन थर एकमेकांपासून ९ मीटरांच्या आंत असतील तर वरचे व खालचे खांब शक्य तों एकाखालीं एक यावे, व मधला पडदा कोठेंहि ३ मीटरांहून पातळ असूं नये. शेजारच्या खाणीच्या हद्दीपासून ७.५ मीटर, रेल्वेपासून व दुसऱ्याच्या इमारतीपासून ४५ मीटर, नदीच्या वा तळ्याच्या कांठापासून आडव्या मापानें १५ मीटर, या पट्ट्यांत लेखी परवानगीवांचून काम करतां येत नाहीं. ज्या वाटेनें दोरानें ओढलेल्या डब्यांची ये-जा असते, तेथें माणसानें अंग चोरून उभें राहावें म्हणून भिंतींत ठराविक अंतरावर कोनाडे ठेवितात, व ते अंधारांत दिसावे म्हणून आंतून व सभोंवार चुन्यानें पांढरे करितात. हीं सर्व अंतरें डोळ्यांनीं पाहून, फितीनें मोजून तपासतां येतात. ज्या अंतराविषयीं आम्हांस मुख्यतः लिहावयाचें आहे, तें मात्र असें मोजतां येत नाहीं.

(३) साठ मीटरांचा नियम

तें अंतर म्हणजे चालू काम व जुनें काम यांमधील. नियम असा कीं, खाणींतील कोणतेंहि काम दुसऱ्या कामापासून ६० मीटरांच्या आंत आलें, मग तें दुसरें काम त्याच खाणीचें असो कीं शेजारच्या, तर मुख्य निरीक्षकाच्या लेखी परवानगीवांचून पुढें नेऊं नये. हें अंतर आडवें, उभें, तिरपें, कोणत्याहि दिशेनें सर्वांत जवळचें धरावयाचें. परवानगी मिळाल्यावरहि गल्लीची रुंदी व उंची २.४ मीटरांहून अधिक नसावी. तोंडाच्या मध्यभागीं एक व दोन्ही बगलांस आणखी भोकें पाडून ठेवावीं, जरूर तर वर व खालींहि पाडावीं. आणि हीं भोकें कामाच्या पुढें कधींहि ३ मीटरांहून कमी असूं नयेत. पुढें १९५७ च्या नियमांच्या जागीं २०१७ चे नियम आले. त्यांतहि साठ मीटरांचें तत्त्व कायम आहे.

इतकी खबरदारी कां, तें पाण्याच्या दाबावरून कळतें. उभ्या १० मीटर पाण्याचा दाब चौरस मीटरास १० टन असतो. जुन्या कामांत ३० मीटर उंचीचें पाणी साचलेलें असेल, तर २.४ मीटर रुंद व तितक्याच उंच तोंडावर सुमारें १७३ टन रेटा बसतो. मधला कोळसा भेगाळलेला असला म्हणजे तो हळूहळू पाझरत नाहीं, एकदम फुटतो. पाठोपाठ सांचलेला वायु व गाळ येतो, आणि खालच्या बाजूस असलेल्या माणसांस चढून जाण्यास अवधि राहत नाहीं.

परंतु या नियमांत एक अपवाद आहे, व आमच्या मतें सर्व मर्म त्यांत आहे. जें जुनें काम प्रत्यक्ष पाहून पाण्यापासून मुक्त असल्याची खात्री झाली आहे, त्यास साठ मीटरांची अट लागू नाहीं. म्हणजे हा पट्टा मुख्यतः आपल्या अज्ञानाकरितां राखलेला आहे. जुनी गल्ली नेमकी कोठें संपते हें ठाऊक असतें, तर तितक्या रुंद पट्ट्याचें प्रयोजन उरलें नसतें. नकाशा चुकला तर किती चुकेल, याची अटकळ बांधून तो ठेविला आहे. तेव्हां प्रश्न असा कीं, नकाशा साठ मीटरांहून अधिक चुकूं शकतो काय?

(४) नकाशाचे पाठदोष

पोथी तपासतांना आपण तिची पुष्पिका पाहतों, लेखनकाल पाहतों, पानें गळालीं आहेत काय तें पाहतों. खाण-नकाशासहि हेच प्रश्न विचारावे लागतात.

पहिला दोष कालाचा. नकाशा मोजणीच्या दिवसाचा असतो. खाण त्यानंतरहि चालते. शेवटच्या मोजणीनंतर काढलेला कोळसा नकाशावर कोठेंच नसतो. बंद पडण्याच्या बेतांत असलेल्या खाणींत तर खांब घाईनें काढून घेतात. म्हणून नकाशावरील कोऱ्या जागेचे दोन अर्थ होतात: येथें कोळसा अभंग आहे, किंवा येथें काय झालें तें मोजलें नाहीं. चांगला लेखक मूळ प्रत तुटली असेल तेथें तसें चिन्ह करितो. कोरी जागा सोडून पुढें जात नाहीं. नकाशांत असें चिन्ह नसलें म्हणजे वाचणारा पहिलाच अर्थ घेतो.

दुसरा दोष दिशेचा. जुन्या मोजण्या होकायंत्रानें होत, आणि होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे स्थिर राहत नाहीं. लंडन येथें ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पश्चिमेस सुमारें २४ अंश कललेली होती. ती सरकत सरकत २०१९ च्या सुमारास खऱ्या उत्तरेवर आली. आपल्याकडे हा फरक लहान असतो. तथापि एका अंशाची चूक एक हजार मीटर गेल्यावर १७.५ मीटरांची होते, दोन हजार मीटरांवर ३५ मीटरांची. दोन वेगळ्या सालचे नकाशे त्यांची चुंबकीय उत्तर एकच धरून जोडले, तर साठांतील निम्मा पट्टा येथेंच संपतो. म्हणूनच १९५७ च्या नियमांत नकाशावर खरी उत्तर दाखवावी, किंवा चुंबकीय उत्तर दाखविली तर तिची तारीख द्यावी, असें सांगितलें आहे.

तिसरा दोष द्रव्याचा. कागद व कापड आटतें, ताणतें. १:२००० या प्रमाणांत एक मिलिमीटर म्हणजे दोन मीटर. हातभर लांबीच्या नकाशांत शेंकडा दोन आटलें तर अठरा-वीस मीटरांचा फेर पडतो. यावरहि उपाय नियमांत आहे. नकाशावर निदान २५ सेंटिमीटर लांबीची मोजपट्टी आंखलेली असावी लागते. कापड आटलें म्हणजे तीहि त्याबरोबर आटते. ती आज २४.५ भरली तर शेंकडा दोन आटलें हें लगेच कळतें. नाव, तारीख, उत्तर व मोजपट्टी हीं चारहि प्रायः नकाशाच्या कडेस असतात. आम्हीं तीच कड छाटली.

चौथा दोष नकलेचा. फुटांचे मीटर करतांना, एका प्रतीवरून दुसरी उतरतांना जें व्हावयाचें तें होतें. प्रत जितकी पुढची तितकी स्वच्छ व तितकीच संशयास्पद, हें वाचकांस सांगावयास नको.

हे चारहि दोष एका दिशेस पडले तर साठ मीटर पुरत नाहींत.

(५) घडलेल्या गोष्टी

नागपूर ज्या मध्यप्रदेशाची राजधानी होतें, त्या प्रदेशांत छिंदवाडा जिल्ह्यांतील न्यूटन चिखली येथें डिसेंबर १९५४ मध्यें खाणींत पाणी फुटून ६३ माणसें गेलीं. त्याच जिल्ह्यांत दमुआ येथें जानेवारी १९६० मध्यें १६ गेलीं. नागपूर जिल्ह्यांतील सिल्लेवाडा येथें १८ नोव्हेंबर १९७५ रोजीं पाण्यानें १० माणसें बळी घेतलीं. त्यानंतर चाळीस दिवसांच्या आंत, २७ डिसेंबर १९७५ रोजीं, धनबादजवळ चासनाला येथें वरच्या बाजूच्या जुन्या कामांत सांचलेलें पाणी खालीं फुटलें व ३७५ माणसें मेलीं. बागडिगी येथें २ फेब्रुवारी २००१ रोजीं शेजारच्या जुन्या खाणीचें पाणी शिरून २९ गेलीं. सर्वच प्रसंगीं कारण नकाशाच होतें असें आमचें म्हणणें नाहीं. पण जुनें काम जेथें जेथें पाण्यानें भरलेलें आहे, तेथें त्याची हद्द ठाऊक असणें हाच पहिला बंदोबस्त होय. १३ नोव्हेंबर १९८९ रोजीं राणीगंजच्या महाबीर खाणींत पाणी शिरलें तेव्हां ६ माणसें गेलीं. आंत अडकलेल्या ६५ जणांस मात्र वरून नवें भोक पाडून, त्यांतून पोलादी नळकांडें सोडून एकेक करून वर काढलें. हें भोक नेमक्या जागीं पाडतां आलें, कारण माणसें कोठें असावींत हें वर बसून सांगतां येत होतें.

इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ हीटन येथें ३ मे १८१५ रोजीं जुन्या कामांतील पाणी फुटून ७५ माणसें व मुलें गेलीं. बंद पडलेल्या खाणीचा नकाशा सरकारांत जमा केलाच पाहिजे, असा कायदा तेथें होण्यास १८७२ साल उजाडलें. मधल्या काळांत किती नकाशे मालकांच्या घरीं, मोजणीदारांच्या पेटाऱ्यांत, वारसांच्या माळ्यावर गेले, याची गणती नाहीं.

आमच्या वाचकांस सर्वांत लागेल अशी गोष्ट अमेरिकेंतील आहे. पेन्सिल्व्हानिया प्रांतांत क्वीक्रीक येथें जुलै २००२ मध्यें खाणकामगार शेजारच्या बंद खाणींत अवचित शिरले व पाण्याचा लोंढा आला. त्यांच्या नकाशाप्रमाणें जुनी खाण बरीच लांब होती. नऊ जण आंत अडकले; ७७ तासांनंतर ते सर्व जिवंत निघाले. पुढें चौकशींत त्या बंद खाणीचा अधिक पुढपर्यंतचा नकाशा सांपडला, तो विंडबर गावच्या कोळसा-इतिहासाच्या संग्रहालयांत. म्हणजे हवा असलेला पाठ नष्ट झालेला नव्हता. तो आपल्यासारख्या लोकांच्या ताब्यांत, नीट जपलेला होता. आणि ज्यांस त्याची गरज होती त्यांस तो आहे हेंच ठाऊक नव्हतें.

(६) संग्राहकांस विनंती

आपल्या देशांत कोळशाच्या खाणी १९७३ पर्यंत बहुतांशीं खासगी मालकांच्या होत्या. खाण एकाकडून दुसऱ्याकडे जाई, मधेंच बंद पडे, पुन्हा दुसऱ्या नांवानें उघडे. आणि अशा प्रत्येक फेरांत कागद गहाळ होत. विदर्भांतील रद्दीच्या दुकानांतून पोथ्या, वहिवाटीचे कागद व सनदा विकत घेणाऱ्या सभासदांच्या संग्रहांत असे नकाशे आलेले असणें सहज संभवतें. त्यांस आमची पुढीलप्रमाणें विनंती आहे.

चौकोनांची जाळी असलेला, घरें व देवळें नसलेला नकाशा दिसल्यास तो पेठेचा समजून बाजूस टाकूं नये. त्याच्या कडा छाटूं नयेत, मग त्या कितीहि डागाळलेल्या असोत. कापड धुवूं नये, ओलें करूं नये, जाड पुठ्ठ्यावर डकवूं नये. डकवितांना तें ताणतें. घडी न घालतां वळकटी करून ठेवावें. कोणाकडून, कोठें, कोणत्या सालीं मिळालें, तें वेगळ्या चिठ्ठीवर लिहावें. कारण खाणीचें नांव नसेल तर तेवढ्यावरूनच तिचा माग काढावा लागेल. मोजपट्टी असेल तर तिची आजची लांबी मोजून त्याच चिठ्ठीवर नोंदवावी. नंतर स्वच्छ छायाचित्र काढून खाण-सुरक्षा महासंचालनालयास व त्या भागांत खाणी चालविणाऱ्या संस्थेस कळवावें. मूळ प्रत कोणास द्यावी, हा ज्याच्या त्याच्या इच्छेचा प्रश्न आहे. परंतु ती आहे ही बातमी स्वतःपाशीं ठेवण्याचा अधिकार कोणास आहे असें आम्हांस वाटत नाहीं. दुर्मिळ पोथी दडवून ठेवणारा संग्राहक विद्येचें नुकसान करितो. येथें नुकसान होणारा मनुष्य दोनशें मीटर खालीं दिवा घेऊन उभा असतो, आणि समोरची काळी भिंत किती जाड आहे हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें.

आमच्याजवळील वस्त्राचें छायाचित्र आम्हींहि रवाना केलें आहे. त्यांत एका बाजूस चौदा गल्ल्या मोजतां येतात, आणि आंकडे बहुधा फुटांचे आहेत. त्यापलीकडे निश्चयानें कांहीं सांगतां येत नाहीं. आप्त हयात असते तर एका वाक्यांत उलगडा झाला असता. पोथीस आतां साधें मांजरपाटाचें बासन घातलें आहे, आणि जुनें वस्त्र वेताच्या काठीवर गुंडाळून, तें कसें मिळालें व त्याच्या कडा कोणीं छाटल्या याची चिठ्ठी जोडून, वेगळें ठेविलें आहे.

मैंदर्गी, जि. सोलापूर